अवकाशाच्या वळणावर यानाला वेग मिळेल काय?



शाळेत ग्रहमालेचा धडा चालू असला की एखादे चौकस पोर हमखास विचारते, "गुरुजी, चंद्रावर जाता येते, मंगळापर्यंत यान जाते, मग ताऱ्यांवर केव्हा जायचे?" दुसरे लगेच सांगते, "त्यात काय! सिनेमात दाखवतात की. अवकाश वाकवायचे आणि क्षणात पलीकडे निघायचे." अशा वेळी गुरुजींची मोठी पंचाईत होते. खोटे आहे म्हणावे, तर अवकाश वाकते ही गोष्ट थोर शास्त्रज्ञांनी सांगितलेली. खरे आहे म्हणावे, तर पोराला नसत्या आशेला लावल्यासारखे. तेव्हा या प्रश्नाचे सरळ उत्तर काय द्यावे, याचा आज आपण थोडा विचार करू.

प्रथम अंतराचा हिशेब मांडू. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. सूर्यापासून आपल्या अंगणात यायला त्याला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरी. त्याच्यापासून निघालेला प्रकाश इथे पोहोचायला सव्वाचार वर्षे लागतात. आता आपले वाहन पाहा. अमेरिकेने १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या गतीने सूर्यापासून दूर चालले आहे. म्हणजे इथे "एक" म्हणेपर्यंत ते तालुक्याच्या गावी पोहोचले! तरीसुद्धा या गतीने त्या ताऱ्याइतके अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. गती वाढवत न्यावी म्हटले, तर प्रकाशाच्या वेगापाशी निसर्गाने वेस घातली आहे. कोणतीही वस्तू ती ओलांडू शकत नाही. मग माणसाच्या मनात येते, की आपल्याला रस्त्यावर जोरात पळता येत नाही, तर रस्ताच आखूड करता येईल काय? वाकलेल्या अवकाशाचे आकर्षण आहे ते इथे.

आता अवकाश वाकते म्हणजे काय होते? शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरा, न्यूयॉर्कवर दुसरे, आणि दोरा ताणा. नकाशात पाहिले तर वाटते, की हा दोरा सरळ पश्चिमेला जाईल. पण तो उत्तरेकडे चढत चढत थेट आइसलंडच्या बाजूने जातो आणि मग खाली उतरतो. दोरा तर ताणलेला आहे, म्हणजे वाट सर्वांत जवळची. मग वाकडे काय आहे? वाकडी आहे ती जमीन. आता दुसरे असे समजा, की विषुववृत्तावर दोन माणसे एकमेकांपासून दूर उभी आहेत आणि दोघेही नाकासमोर उत्तरेला चालू लागले. निघताना त्यांच्या वाटा समांतर होत्या. तरी ते जवळ जवळ येत जातात आणि उत्तर ध्रुवावर एकमेकांना धडकतात. त्यांना कोणी ओढले का? नाही. जमिनीच्या वळणाने त्यांची गाठ घालून दिली.

आइन्स्टाइन यांनी १९१५ साली जे सांगितले, त्याचे मर्म यात आहे. वस्तुमानाने अवकाश आणि काळ यांची मिळून वीण वाकते. त्या वळणातून ग्रह, दगड, प्रकाश सगळे आपापल्या परीने सरळच जात असतात, आणि आपण म्हणतो, गुरुत्वाकर्षणाने ओढले. १९१९ सालच्या २९ मेच्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशाची वाट इंग्रज शास्त्रज्ञांनी मोजली आणि ती या गणिताप्रमाणे वळलेली आढळली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसते अवकाश वाकते असे नाही, काळही त्यात सापडतो. खाली, पृथ्वीच्या जवळ, घड्याळ किंचित हळू चालते, वर किंचित जलद. २०१० साली अमेरिकेत अतिशय अचूक घड्याळांवर हा प्रयोग झाला. एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा फक्त ३३ सेंटिमीटर उंच होते, म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्यांइतके. तेवढ्यानेही फरक पडलेला दिसला! तुमच्या खिशातल्या मोबाइलला वाट दाखवणारे जी. पी. एस. उपग्रह आहेत ना, त्यांची घड्याळे रोज आपल्या घड्याळांच्या पुढे जातात, सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या सुमारे ३८ भागांनी. हा हिशेब धरला नाही, तर एका दिवसात ठिकाण दाखवण्यात ११ किलोमीटरांची चूक साचेल. तेव्हा अवकाश-काळाचे वळण ही सिनेमाची गोष्ट नव्हे, ती रोजच्या वापरातली वस्तू आहे. प्रश्न एवढाच, की त्या वळणाचा वेगासाठी काही उपयोग आहे काय?

सूर्य किंवा एखादा ग्रह म्हणजे वाटेतली एक दरी आहे असे समजा. ही उपमा आहे, पण कामापुरती ठीक आहे. सायकलस्वार ओढ्याच्या उतारावर आला, की पायडल न मारताही त्याला वेग चढतो. पण पलीकडचा चढ लागला की तो वेग उतरतो, आणि समोरच्या काठावर तो निघतो तो आधीच्याच वेगाने. चाकाची घासण धरली तर थोडा कमीच! अवकाशातही तसेच आहे. दरी जागच्या जागी असेल, तर उतरताना मिळालेले चढताना परत द्यावे लागते. मधल्या टप्प्यात थोडा वेळ वाचेल, पण पुढच्या लांबच्या प्रवासाला यानाच्या पदरात काही राहत नाही.

प्रकाशाची गोष्ट तर याहून उलटी. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन शपिरो यांनी १९६४ साली असे दाखवून दिले, की सूर्याजवळून जाणाऱ्या लहरीला त्या दरीमुळे उशीर लागला पाहिजे. पुढे रडारच्या लहरी बुध आणि शुक्र या ग्रहांवर पाठवून त्या परत यायला किती वेळ लागतो ते मोजले. सूर्याच्या कडेजवळून जाऊन आलेल्या लहरींना सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे २०० भाग उशीर झाला होता. म्हणजे निसर्गात जी वळणे आपल्याला सापडली आहेत, ती प्रकाशाची वाट आखूड करत नाहीत. उलट त्याला खोळंबवतात. पोरांना सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट.

मग वळणाचा काहीच उपयोग नाही म्हणता? थांबा. उपयोग आहे आणि तो फार मोठा आहे. मात्र त्यासाठी दरी स्वतः चालती असावी लागते.

एक रबरी चेंडू तासाला २० किलोमीटर वेगाने भिंतीवर मारा. तो फार तर २० च्याच वेगाने परत येईल. आता समजा, तोच चेंडू समोरून ५० च्या वेगाने येणाऱ्या मालमोटारीवर आपटला. (समजायचेच बरे का, करून पाहायचे नाही!) मोटारचालकाला चेंडू ७० च्या वेगाने येताना दिसेल आणि फार तर ७० नेच परत जाताना दिसेल. पण मोटारच ५० ने पुढे येत आहे. म्हणून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला चेंडू १२० च्या वेगाने सुटलेला दिसेल. जास्तीचा वेग आला कुठून? मोटारीकडून. तिचा वेग तेवढ्यापुरता अगदी नकळत कमी झाला.

गुरू ग्रह सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर या गतीने सूर्याभोवती धावतो आहे. यान त्याच्या मागच्या अंगाने त्याच्या दरीत शिरले आणि वळून बाहेर पडले, तर गुरूवरून पाहणाऱ्याला त्याचा येतानाचा आणि जातानाचा वेग सारखाच दिसेल. पण सूर्याच्या हिशेबाने ते गुरूच्या धावण्यातला वाटा घेऊन बाहेर पडते. यान ग्रहाच्या पुढच्या अंगाने गेले तर वेग घटतो, हेही लक्षात ठेवा. १९६१ साली मायकेल मिनोविच या तरुण विद्यार्थ्याने अमेरिकेत या युक्तीची गणिते मांडली. १९६५ साली गॅरी फ्लँड्रो यांच्या ध्यानात आले, की १९७० नंतरच्या दशकात बाहेरचे चार मोठे ग्रह सोयीच्या जागी येणार आहेत, आणि असा योग सुमारे १७५ वर्षांनी एकदा येतो. १९७४ साली मरिनर-१० हे यान शुक्राच्या आधाराने बुधाकडे गेले. मग व्हॉयेजर-२ ने तो ग्रहांचा योग साधला. ते १९७९ साली गुरूजवळून, १९८१ साली शनीजवळून, १९८६ साली युरेनसजवळून आणि १९८९ साली नेपच्यूनजवळून गेले. गुरूपाशी पोहोचेपर्यंत सूर्याच्या ओढीने त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटरपर्यंत उतरला होता. गुरूला वळसा घालून निघाले तेव्हा तो जवळपास दुप्पट झाला होता, आणि त्यासाठी इंधन असे काही जाळावे लागले नाही. गुरूचे नुकसान झाले, पण ते कधी मोजताही येणार नाही इतके थोडे. सागरातून ओंजळभर पाणी घ्यावे, तसे.

दरीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्या मंगळयानानेही करून घेतला. नागपंचमीला उभ्याने झोका चढवणाऱ्या मुलीला पाहा. ती अंग ताणून उभी राहते ती नेमकी झोका तळाशी आल्यावर. कारण तिथे वेग सर्वांत जास्त, आणि तिथे घेतलेले कष्ट जास्त फळतात. रॉकेटचेही साधारण असेच आहे. हेर्मान ओबर्थ या रॉकेटशास्त्रज्ञाने ही गोष्ट दाखवून दिली. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. गुरुजी, फळ्यावर मांडून दाखवा: वेग २ चा ३ केला, तर वर्ग ४ चा ९ होतो, वाढ ५. तोच वेग १० चा ११ केला, तर वर्ग १०० चा १२१ होतो, वाढ २१. इंधन तेवढेच, लाभ चौपट. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले. ते पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या घालीत राहिले, आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या अगदी जवळ, म्हणजे दरीच्या तळाशी आले, की त्याचे इंजिन थोडा वेळ चालवीत. असे करत करत ते पृथ्वीच्या ओढीतून सुटले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळापाशी पोहोचले. २०२३ साली चंद्रयान-३ नेही याच रीतीने आपली कक्षा वाढवीत नेली. लहान रॉकेटवर मोठा पल्ला गाठायची ही काटकसर आहे.

या साऱ्याची कमाल कुठवर जाते? पार्कर नावाचे अमेरिकन यान शुक्राजवळून सात वेळा गेले. प्रत्येक वेळी त्याने आपला आडवा वेग थोडा थोडा टाकून दिला आणि ते सूर्याच्या खोल दरीत अधिकाधिक आत उतरले. २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याजवळून जाताना त्याचा वेग ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर होता. माणसाने केलेली कोणतीही वस्तू तोवर इतक्या वेगाने गेली नव्हती. तरी तो वेग प्रकाशाच्या पंधराशेव्या भागाइतकाच. आणि दरीतून वर चढताना ते यान तो वेग पुन्हा गमावते.

आता सिनेमातल्या गोष्टीकडे येऊ. तीही कोणी हवेत सांगितलेली नाही, तिच्यामागे गणित आहे. एक पेरू घ्या. सालीवरून जाणाऱ्या मुंगीला पलीकडे पोहोचायला अर्धा वळसा घालावा लागतो. अळी मात्र आतून पोखरत जाते, तिची वाट जवळची. अवकाशातही असे बीळ असू शकेल काय? याला कृमिविवर म्हणतात. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली अशा एका पुलाचे गणित मांडले. पण १९६२ साली फुलर आणि व्हीलर यांनी दाखवले, की हा पूल तयार होताच इतक्या लवकर मिटतो, की प्रकाशाचा किरणही पलीकडे जाऊ शकत नाही. १९८८ साली मॉरिस आणि थॉर्न यांनी उलट प्रश्न विचारला, की ते बीळ उघडे ठेवायचेच असेल तर त्याला टेकू कशाचा लागेल? उत्तर आले, ऋण ऊर्जेचा. म्हणजे ज्याची ऊर्जा शून्याहूनही कमी आहे अशा कशाचा तरी.

ऋण ऊर्जाच का, हे समजायला कोलकात्याच्या एका प्राध्यापकांचे काम उपयोगी पडते. अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण प्रसिद्ध केले. पुढे अनेक वर्षे ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवीत होते. त्या समीकरणाचा साध्या भाषेत अर्थ असा, की नेहमीचे वस्तुमान आणि ऊर्जा आपल्याजवळून जाणाऱ्या वाटा एकत्र आणतात. भिंग सूर्याची किरणे एका बिंदूत गोळा करते ना, अगदी तसे. बिळाचे मात्र उलट आहे. एका तोंडातून आत जाताना वाटा जवळ येतात, आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडताना त्या पुन्हा फाकल्या पाहिजेत. दगड, पाणी, लोखंड, तारे, यांपैकी काहीही हे फाकवण्याचे काम करत नाही. म्हणून बिळाला ऋण ऊर्जाच हवी.

मेक्सिकोचे मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ साली दुसरी युक्ती गणितात मांडली. यानापुढचे अवकाश आक्रसवायचे, मागचे फुगवायचे, आणि यान मधल्या बुडबुड्यात स्वस्थ बसवायचे. यान आपल्या जागी प्रकाशाला मागे टाकत नाही, बुडबुडाच वाहत जातो. गणित निर्दोष, पण तिथेही दाम मागितला तो ऋण ऊर्जेचाच. १९९७ साली काढलेल्या एका हिशेबात ही ऊर्जा साऱ्या दृश्य विश्वातील वस्तुमानाहून जास्त भरली! नंतरच्या मांडण्यांनी ती पुष्कळ खाली आणली. २०२४ साली ऋण ऊर्जेवाचून चालणारा एक बुडबुडाही कागदावर मांडला गेला. पण तो प्रकाशाहून हळू जाणारा, आणि त्याच्या भिंतीला गुरू ग्रहाच्या दुपटीहून अधिक वस्तुमान लागते. ते ओढायला कुठले बैल आणायचे?

ऋण ऊर्जा अगदीच कल्पित आहे असे नाही. डच शास्त्रज्ञ कासिमिर यांनी १९४८ साली सांगितले, की निर्वात जागी दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ ठेवल्या, तर त्या आपोआप ओढल्या जातील, कारण त्यांच्या मधल्या जागेतली ऊर्जा बाहेरच्या रित्या जागेपेक्षा कमी असते. प्रयोगात हे खरे ठरले. पण ती इतकी अल्प असते, की तिच्यावर यानाचे बीळ उघडे ठेवणे म्हणजे दवबिंदूवर जातं फिरवणे.

आणि यापुढे आणखी एक अडचण आहे. अवकाशाचे वळण बदलायचे, तर तो बदलही प्रकाशाच्या वेगानेच पसरतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी हे लख्ख दिसले. दोन अतिघन तारे एकमेकांवर आदळले होते. त्या टकरीने अवकाशात उठलेल्या लाटा आणि तिथला गॅमा प्रकाश सुमारे १३ कोटी वर्षे प्रवास करून पृथ्वीवर आले, ते दोन सेकंदांच्याही कमी अंतराने. लाटा आधी आणि पाठोपाठ प्रकाश. असल्या लाटा टिपण्यासाठी महाराष्ट्रातही हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ मोठी यंत्रणा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तेव्हा प्रकाशाहून जलद चाललेल्या बुडबुड्यातला माणूस पुढच्या अवकाशाला "वाक" असा निरोपच पाठवू शकत नाही. धावत्या गाडीतून तिच्याच पुढे रूळ टाकता येत नाहीत. ते आधी कोणीतरी जाऊन टाकावे लागतात, आणि त्या जाणाऱ्याला प्रकाशाहून हळूच जावे लागेल.

तर श्रोतेहो, पोराला उत्तर काय द्यायचे? असे सांगावे: "बाळ, अवकाश खरेच वाकलेले आहे. त्या वळणाचा आधार घेऊन आपली याने शनी, युरेनस, नेपच्यूनपर्यंत जाऊन पोहोचली, कारण ज्या ग्रहाने ते वळण केले तो ग्रह धावत होता, आणि त्याने आपल्या धावेतला कणभर वाटा दिला. प्रकाशाहून लवकर पोहोचवणारी वाट मात्र अजून कागदावर आहे. तिला लागणारे सामान कोणाच्याही कोठारात नाही." पोराचा चेहरा जरा उतरेल. उतरू द्या. कागदावरची वाट आणि पायाखालची वाट यांतला फरक ज्याला कळला, तोच पुढे कागदावरची वाट नीट तपासायला बसेल.

शेवटी गुरुजींसाठी आणि बाईंसाठी एक प्रयोग सुचवतो. शाळेतला हवा भरलेला फुटबॉल घ्या. त्यावर टेनिसचा चेंडू अलगद ठेवा आणि दोन्ही छातीइतक्या उंचीवरून एकदम सोडा. जमिनीवर आपटून वर निघालेला फुटबॉल लहान चेंडूला असा काही रेटा देतो, की तो टाकल्या उंचीच्याही वर उडतो. मुले हसतील, पुन्हा करा म्हणतील. तेव्हा त्यांना सांगा, की हा फुटबॉल म्हणजे गुरू आणि हा चेंडू म्हणजे व्हॉयेजर. मग विचारा, फुटबॉल जमिनीवर नुसता ठेवलेला असता, तर चेंडू इतका उडाला असता काय? उत्तर त्यांनाच शोधू द्या.